मुद्दल कुणाचं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात आपल्या पेडण्याच्या परिवार ग्रुपवर एक मेसेज फिरला होता. "घरबसल्या तांबं, जस्त, अॅल्युमिनियमचा व्यापार शिका", असा. त्याखाली एका ज्येष्ठ गुरुभगिनीने, आम्ही सगळे ज्यांना काकी म्हणतो त्यांनी, सरळ विचारलं: "हा व्यापार की जुगार? नामस्मरण चालतं त्या घरात हे बसतं का?" त्यावर दोघा-तिघांनी नुसते हात जोडल्याचे इमोजी टाकले आणि विषय तिथेच राहिला. मी बी.कॉम. केलेलं आहे, म्हणून या महिन्याच्या लेखाची सेवा माझ्याकडे आली. काकींच्या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात देता येणार नाही. आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ, मग ती चांगली की वाईट ते ठरवू. न समजता नावं ठेवणं हेही सात्त्विक नव्हे.

*आपण धातूंचा व्यापार रोज करतोच*

बहिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी जुनी पितळेची भांडी मोडीत घातली आहेत? भांडीवाला तराजूवर भांडं ठेवतो, वजन करतो आणि "आजचा मोडीचा भाव इतका" म्हणतो. तो भाव तो मनाने सांगत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. या मूळ धातूंचा दर रोज ठरतो आणि तो वरून खाली झिरपत झिरपत भांडीवाल्यापर्यंत येतो. पेडण्यात काजूबियांचा दर कळल्याशिवाय कुणी पोतं उचलत नाही, किंवा बागायतदारच्या दुकानात सुपारीचा दर विचारल्याशिवाय कुणी माल घालत नाही. तसंच हे.

औद्योगिक धातू म्हणजे कारखान्यांना लागणारे धातू. तांबं विजेच्या तारांना, जस्त छपराच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून, शिसं गाडीच्या बॅटरीला, निकेल स्टेनलेस स्टीलला आणि अॅल्युमिनियम खिडकीपासून कुकरपर्यंत सगळ्याला. सोनं आपण साठवतो, या धातूंचा वापर होतो. म्हणून जगात बांधकाम, कारखाने वाढले की यांचा भाव चढतो, मंदी आली की उतरतो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. चिलीतल्या मोठ्या तांब्याच्या खाणीत संप झाला तरी आपल्या भांडीवाल्याचा भाव हलतो. आणि दर डॉलरमध्ये असल्यामुळे रुपया घसरला की आपल्याला तेच तांबं महाग पडतं.

हे दर प्रामुख्याने ठरतात लंडन मेटल एक्सचेंजमध्ये. ते १८७७ साली सुरू झालं. त्याआधी व्यापारी तिथल्या जेरुसलेम कॉफी हाऊसमध्ये जमायचे, जमिनीवरच्या भुशात खडूने वर्तुळ काढायचे आणि त्याभोवती उभं राहून बोली लावायचे. तिथला मुख्य सौदा तीन महिन्यांचा असतो. का? कारण तेव्हा चिलीहून तांब्याचं आणि मलायाहून कथिलाचं जहाज यायला साधारण तीन महिने लागत. माल समुद्रात असताना भाव पडला तर व्यापारी बुडायचा, म्हणून तो जहाज यायच्या आधीच भाव पक्का करून ठेवायचा. वायदा म्हणजे एवढंच: पुढच्या तारखेचा माल, आजच्या बोलीचा भाव. आपल्याकडे हे सौदे मुंबईच्या एमसीएक्स या बाजारात होतात. तो २००३ साली सुरू झाला आणि २०१५ पासून त्यावर सेबीची देखरेख आहे.

आपण वास्कोची माणसं. मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजं आपण बायनाच्या किनाऱ्यावरून बघत आलोय. जहाजात माल आणि मालकाच्या पोटात धाकधूक, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

*वायद्याचा चांगला अर्थ*

समजा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक तारा बनवणारा छोटा कारखानदार आहे. त्याने आज ऑर्डर घेतली, माल द्यायचा तीन महिन्यांनी, किंमत आजच ठरली. मधल्या काळात तांबं महागलं तर त्याचा नफा तर जाईलच, शिवाय कामगारांचा पगारही अंगावर येईल. म्हणून तो तेवढ्याच तांब्याचा वायदा आज घेऊन ठेवतो. तांबं चढलं तर ऑर्डरमध्ये जे जाईल ते वायद्यात भरून निघतं. हा जुगार नाही, ही तर खबरदारी. छप्पर शाकारायचं ते पावसाआधी, तसं.

पण त्याच्या समोर कुणीतरी उलटा सौदा करणारा हवा. त्याची जोखीम कुणीतरी उचलायला हवी. ती उचलणारा म्हणजे ज्याला आपण सट्टेवाला म्हणतो तो. म्हणून मी सगळ्या सट्टेवाल्यांना एका फटक्यात पापी म्हणणार नाही. जोखीम उचलणं हेही बाजारातलं एक काम आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती आणि गोपालनाच्या बरोबरीने वाणिज्यही स्वाभाविक कर्म म्हणून सांगितलंय.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची गोष्ट आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं केलं. त्याला वाटलं, माझ्यासारखा धर्म कुणी जाणला नाही. तेव्हा त्याला कळलं की वाराणसीचा तुलाधार त्याच्याहून पुढे आहे. हा तुलाधार कोण, तर दुकानात बसून माल विकणारा वाणी. त्याची थोरवी कशात? त्याचा तराजू सगळ्यांना सारखा होता. तो कुणाचं वाईट चिंतत नव्हता.

मग काकी, धातूंच्या बाजाराला हीच कसोटी लावून बघू. तराजू सारखा आहे का?

*तराजूला हात लावणारे*

नेहमी असतोच असं नाही. सुमितोमो या जपानी कंपनीत यासुओ हामानाका नावाचा तांब्याचा व्यापारी होता. त्याने कित्येक वर्षं चोरून सौदे करून तांब्याचा भाव वर धरून ठेवला. १९९६ साली ते उघडकीला आलं, तेव्हा कंपनीचा तोटा २.६ अब्ज डॉलर निघाला आणि पुढे त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. तोवर जगभरच्या छोट्या कारखानदारांनी तो खोटा भाव खरा समजून तांबं घेतलं.

दुसरी गोष्ट अलीकडची. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या बाजारात निकेलचा भाव काही तासांत टनामागे १ लाख डॉलरच्या वर गेला. भाव पडेल अशा हिशेबाने ज्यांनी आधीच विकून ठेवलं होतं, त्यांची धावपळ उडाली. शेवटी बाजारानेच त्या दिवसाचे सौदे रद्द केले. म्हणजे ज्यांनी त्या दिवशी कमावलं होतं, त्यांचंही पुसलं गेलं. आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या एका गोदामात ५४ टन निकेल म्हणून नोंदलेल्या पोत्यांत दगड सापडले! जगातला सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा धातूबाजार. आणि पोत्यात दगड.

हे भीती घालायला सांगत नाही. सांगायचं इतकंच, की ज्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्या धंदा आहे त्यांचीही फसगत होते. मग "दहा दिवसांत शिका" म्हणणारा आपल्याला काय शिकवणार?

*आता हिशेब*

तांब्याचा एमसीएक्सवरचा मोठा सौदा २,५०० किलोचा असतो. हिशेबाला सोपं म्हणून धरू, तांबं ८०० रुपये किलो. म्हणजे एक सौदा २० लाखांचा. पण २० लाख भरावे लागत नाहीत. समजा दहावा हिस्सा, २ लाख, अनामत ठेवली की सौदा आपल्या नावावर. याला मार्जिन म्हणतात. प्रत्यक्षात हे प्रमाण बाजार कमी-जास्त करत असतो.

इथेच मन भुलतं. २ लाखांत २० लाखांचा मालक!

पण भाव किलोमागे फक्त ८ रुपयांनी, म्हणजे शंभरात एक रुपयाने, उतरला तर २,५०० किलोवर २०,००० रुपये गेले. आपल्या २ लाखांतला दहावा भाग एका दिवसात. ४० रुपयांनी उतरला तर १ लाख. ८० रुपयांनी उतरला तर सगळे २ लाख गेले, आणि त्याहून खाली गेला तर वरचं देणं आपल्या डोक्यावर. रोज हिशेब होतो, तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. "आणखी पैसे भरा" असा निरोप येतो. भरले नाहीत तर ब्रोकर सौदा तोडून टाकतो. भाव दुसऱ्या दिवशी परत चढला तरी आपण तेव्हा बाजारात नसतो.

लहान सौदेही असतात. जस्त, शिसं, अॅल्युमिनियमचे एक-एक टनाचे. पण तत्त्व तेच. आणि मुदत संपेपर्यंत सौदा तसाच ठेवला तर खरोखर माल घ्यावा किंवा द्यावा लागतो. तांब्याचं गोदाम ठाणे जिल्ह्यात. अडीच टन तांबं आणून आपण ठेवणार कुठे, तुळशीकडे?

शेअरच्या वायद्यांबद्दल सेबीने २०२४ साली पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत दर १०० वैयक्तिक सौदेकरूंपैकी ९३ जणांना तोटा झाला, तोही सरासरी २ लाखांच्या घरात. ती पाहणी धातूंची नव्हती, शेअरची होती. पण अनामत भरून दहापट मालक होण्याची युक्ती दोन्हीकडे तीच. एकाला मिळतं ते दुसऱ्याच्या खिशातून जातं आणि दलाली दोघांकडूनही कापली जाते.

म्हणजे जोखीम उचलणं हे काम आहे खरं. पण ते कुणी करावं? ज्याचं स्वतःचंच छप्पर गळतंय, त्याने कारखानदाराच्या छपराची हमी घ्यावी का?

*आपल्या गोव्याने हा सौदा केलेला आहे*

कुणी म्हणेल, हे सगळं मुंबई-लंडनचं, आमचा काय संबंध? डिचोली, साखळी, पाळी, उसगावच्या माणसांनी असं म्हणू नये. आपण वायदेबाजाराचं नाव ऐकलं नव्हतं, तरी आपण धातूच्या भावावर घरदार लावलं होतं.

आठवा ती वर्षं. गोव्याचं लोहखनिज १९५०च्या सुमारापासून जपानला जात होतं. तेव्हा दर वर्षातून एकदा, वाटाघाटीने ठरत. २०००नंतर चीनची मागणी आली. आपला हलक्या प्रतीचा माल, जो आधी कुणी विचारत नव्हतं, तोही जहाजात चढू लागला. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. मांडवी-जुवारीतून बार्जींची रांग लागायची. पावसाळ्यात आग्वादकडचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला माल यायचा. घराघरांत कर्ज काढून ट्रक आले. एकाचे दोन, दोनाचे चार. कुणी बार्जमध्ये भागी घेतली. मुलं शिक्षण सोडून स्टिअरिंगवर बसली.

कर्जाचा ट्रक म्हणजे काय? थोडी अनामत, मोठी मालकी आणि परतफेड अवलंबून आहे चीनमधल्या पोलादाच्या भावावर. बिनकागदाचा वायदाच तो.

मग शहा आयोगाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, पण तोवर भावच कोसळू लागला होता. २०११च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास असलेलं चांगल्या प्रतीचं खनिज डिसेंबर २०१५ मध्ये ४० डॉलरच्या खाली गेलं. आपल्या हलक्या मालाला त्याहून कमी. ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प.

ट्रक अंगणात उभे राहिले. टायर बसले. हप्ते थांबले नाहीत. सरकारला कर्जमुक्तीची योजना काढावी लागली. यात त्या कुटुंबांची हाव होती का? थोडी असेलही. पण बहुतेकांना आपण काय पणाला लावलंय हेच कुणी सांगितलं नव्हतं. भाव वर जातो तसा खाली येतो, आणि कायद्याचा हातही कधीतरी पोचतो, हे माहीत असतं तर चाराऐवजी एकच ट्रक घेतला असता. म्हणून माझं म्हणणं, शिकणं पाप नाही. न शिकता घर लावणं घातक आहे.

दुसरी बाजूही विसरू नये. भाव चढला की डोंगर खाली येतो. शिरगावला, लईराई मातेच्या गावात, विहिरी आणि शेतं खाणींमुळे कोरडी पडल्याची तक्रार गावकऱ्यांना न्यायालयापर्यंत न्यावी लागली. आम्ही वास्कोकर खिडकीच्या गजांवरची धूळ पुसत आलोय. पडद्यावर जो आकडा हिरवा होतो, त्याच्या मागे कुठेतरी कुणाचा तरी डोंगर असतो. तुलाधाराच्या तराजूत हेही वजन धरलं पाहिजे.

*द्रौपदीचा प्रश्न*

आता मूळ मुद्द्याकडे. व्यापार आणि जुगार यांच्यातली रेघ कुठे आहे? मला वाटतं ती वस्तूत नाही, जोखमीतही नाही. शेतकरीसुद्धा पावसावर जोखीम घेतो. रेघ इथे आहे: *पणाला लावलंय ते कुणाचं?*

कौरवसभेत द्रौपदीने हाच प्रश्न विचारला. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार राहतो का? सभेत भीष्म होते, द्रोण होते. कुणाला सरळ उत्तर देता आलं नाही. विकर्णाने उठून तिची बाजू घेतली. युधिष्ठिर वाईट माणूस होता का? तो तर धर्मराज. पण "आणखी एक डाव, यात सगळं परत येईल" या वाक्यापुढे धर्मराजसुद्धा टिकला नाही. तिथे आपण कोण!

तो प्रश्न आजच्या घरात असा विचारावा लागतो. अनामतीचे २ लाख कुणाचे? ग्रॅच्युइटीचे असतील तर त्यात दोघांच्या म्हातारपणाचा वाटा आहे. मुलीच्या शिक्षणाचे असतील तर ते तिचे. गहाण ठेवलेल्या पाटल्यांचे असतील तर त्या बायकोच्या. क्रेडिट कार्डाचे असतील तर ते बँकेचे. आणि वरचे १८ लाख? ते तर कुणाचेच नाहीत, नुसती बाजाराची उधारी. मग ज्याला आपण "माझा सौदा" म्हणतो त्यात माझं किती?

संत तुकाराम महाराजांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ते स्वतः वाणी, देहूला दुकान. दुष्काळात व्यापार बुडाला. पुढे विरक्ती आल्यावर लोकांची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण सगळी नव्हेत हं. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्या हवाली केली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. दान करतानासुद्धा त्यांनी विचारलं, यातलं माझं किती? आपण निदान जोखीम घेताना तरी विचारूया.

आणि आपल्याच गोव्याच्या निकालात हा विचार आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खनिजविक्रीच्या पैशांतले १० टक्के एका कायम निधीत टाकावेत, पुढच्या पिढ्यांसाठी. का? कारण डोंगर हे उत्पन्न नव्हे, मुद्दल आहे. एकदा काढलं की परत उगवत नाही. पुढच्या पिढीचा त्यात वाटा आहे. आजी सांगायची, व्याज खावं, मुद्दल खाऊ नये. तीच गोष्ट न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितली.

*मन कुठे बसतं*

दुसरी कसोटी मनाची. माझ्या बहिणीचा मुलगा साखळीला असतो. शिकलेला, हुशार, निर्व्यसनी. वर्षभर तो हे सौदे करत होता. पहिल्या दोन महिन्यांत फायदा झाला. मला म्हणाला, "मावशी, जिंकलो त्या रात्रीसुद्धा झोप लागत नाही गो." एमसीएक्सचा बाजार सकाळी ९ला उघडतो तो रात्री साडेअकरापर्यंत, थंडीच्या दिवसांत त्याहूनही उशिरापर्यंत चालू. म्हणजे पूजा, जेवण, आरती, पोराचा अभ्यास, सगळं बाजार उघडा असतानाच. ताटावर बसला तरी मोबाईल मांडीवर. पुढे तोटा झाला. फार मोठा नाही, पण घरात कळलं तेव्हा भावोजी एकच वाक्य बोलले. त्यांचा ट्रक २०१२ साली उभा राहिलेला. म्हणाले, "माझा ट्रक बंद पडला तरी दाराशी दिसत होता रे. सगळ्यांना माहीत होतं. तुझं कर्ज कुणाला दिसलंपण नाही."

मला त्या वाक्यात सगळा धर्म दिसला. जे घरात उघड बोलता येतं त्याला निदान उपाय असतो. जे लपवावंसं वाटतं, त्याबद्दल मनाने आधीच निकाल दिलेला असतो.

*मग काय करावं?*

समर्थांनी दासबोधात प्रपंच नेटाने करायला सांगितलं, पळून जायला नाही. म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी:

१) *शिकायचं असेल तर वहीत शिका.* सहा महिने रोज तांब्याचा दर लिहा. चढला तर का, उतरला तर का, बातम्या वाचून लिहा. कागदावर सौदा करा, पैसा एकही लावू नका. सहा महिन्यांनी स्वतःचा अंदाज किती वेळा चुकला ते मोजा. बहुतेकांची हौस तिथेच फिटते आणि ज्ञान तेवढं पदरात राहतं. मुलांना जगाचा भूगोल कळतो तो वेगळाच.

२) *उसनं, गहाणाचं, औषधाचं, शिक्षणाचं, म्हातारपणाचं मुद्दल लावायचं नाही.* ज्यांच्याकडे हे सगळं सोडून पैसा उरतो, त्यांनीही घरच्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर आकडा सांगून, "एवढे गेले तर गेले" असं आधी ठरवून मगच पाऊल टाकावं.

३) *खात्री देणारा फसवणारा समजावा.* "महिन्याला इतके टक्के नक्की" असं कायदेशीर ब्रोकर म्हणू शकत नाही. सेबीची नोंदणी तपासा. कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. तो माणूस आपल्या बैठकीतला असला, जयजयकार करत असला, तरी थांबा. गुरुबंधूपणाच्या नात्यावर पैसे मागणं हा नात्याचा अपमान आहे.

४) *असे मेसेज परिवार ग्रुपवर पुढे पाठवू नका.* आपण नुसतं "फॉरवर्ड" केलं असं म्हणून जबाबदारी सुटत नाही. आपल्या नावावर विश्वास ठेवून एखादी बहीण पाटल्या गहाण ठेवील.

काकी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. ज्याला तांबं खरोखर हवं आहे किंवा ज्याच्याकडे ते खरोखर आहे, त्याच्यासाठी वायदा हा व्यापार आहे. ज्याच्याकडे जोखीम पेलायचं स्वतःचं बळ आहे, जो उघडपणे आणि मापात करतो, त्याच्यासाठी ते एक कठीण काम आहे. आणि जो दुसऱ्याचं मुद्दल लपवून लावतो, त्याच्यासाठी तो जुगार आहे, मग पडद्यावर कितीही सुंदर आलेख दिसोत. तेव्हा नामस्मरणाच्या घरात हे बसतं का, याचं उत्तर प्रत्येक घराने आपल्या देवासमोर, सगळ्यांना बसवून द्यावं.

शेवटी एक विनंती, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यात हरलेल्या माणसाला बायको झिडकारते, सासू तोंड फिरवते, आईबाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही. हजारो वर्षांपूर्वीचं वर्णन, पण आजही तसंच घडतं. आपल्या ग्रुपवर मुलांच्या पेढ्यांचे, नव्या गाड्यांचे फोटो येतात. तोट्याचा फोटो कुणी टाकत नाही. या क्षणी हा लेख वाचणाऱ्यांतही कुणीतरी असेल, ज्याने घरी काही सांगितलेलं नाही आणि रात्री जागा असतो. त्या सूक्तातच शेवटी त्याला सांगितलंय की फासे सोड, शेत नांगर, जे आहे त्यात समाधान मान. म्हणजे त्याला परत यायला वाट ठेवली आहे.

आपणही ती वाट ठेवूया. आज रात्री जेवताना मुलांना, जावयाला, धाकट्या दिराला सहज म्हणा: "काही अडलं असेल तर सांग, ओरडणार नाही, मिळून बघू." आणि खरंच सांगितलं तर खरंच ओरडू नका. पैशाचा तोटा चार वर्षांत भरून निघतो. माणूस गेला तर त्याला कुठल्या बाजारात भाव नाही.

सद्गुरूंनी आपल्या सर्वांना सद्बुद्धी, आपल्यापुरतं मुद्दल आणि शांत झोप द्यावी, हीच चरणी प्रार्थना.

॥ सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

— एक सेविका, वास्को केंद्र